अण्णांचे शर्ट आणि कमरेचा बत्ता

माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं कमरेला रिव्हॉल्व्हर लावलं आणि ते एकदाही कुणाला दिसलं नाही. मी एकच दिवस बत्ता लावला, आणि तो पावणेदोन तासांत अख्ख्या दुकानाने पाहिला.

अण्णांची मिरजेला सराफी पेढी. दागिने घेऊन पेढी ते घर अशी रोजची ये-जा, म्हणून रीतसर लायसन्सचं रिव्हॉल्व्हर. आता पेढी मुलगा बघतो. पण सवय कुठे जाते? सिंगापूरला निघताना त्यांनी ते पोलीस ठाण्यात जमा केलं आणि त्याचं रिकामं चामडी कव्हर तेवढं बॅगेतून आणलं. (कशासाठी, हे त्यांनाही सांगता येईना.)

ते आले होते मृणालसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. तिला आठवा महिना होता. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माहेर म्हणजे एकटे अण्णा. एरवी मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. आमच्याकडे माहेरच एक पितळी खलबत्ता घेऊन सिंगापुरात टॅम्पिनीसला, आमच्या फ्लॅटवर आलं होतं. खलबत्ता तिच्या आईचा. सुंठ, डिंक, खारीक, सगळं त्यातच कुटायचं, असा अण्णांचा हट्ट. ते आल्यापासून मृणाल इतकी खूश होती, की माझ्या घोरण्याबद्दलही आठवडाभर काही बोलली नव्हती.

आणि दहाव्या दिवशी अण्णांनी मला गॅलरीत बोलावून हळूच सांगितलं, "जावईबापू, शुक्रवारचं तिकीट मिळेल का बघा. मला इथे जमत नाहीये."

जेवण आवडत नाही का, टीव्हीवर मराठी लागत नाही म्हणून का, माझं काही चुकलं का, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी शर्ट वर करून उजवी कंबर दाखवली. तिथे काहीच नव्हतं. तेच तर दुखणं होतं! तीस वर्षं उजवीकडे किलोभर वजन, त्यामुळे शरीर आपोआप डावीकडे झुकायला शिकलेलं. आता वजन गेलं, झुकणं राहिलं. खाली ब्लॉकभोवती चक्कर मारायला गेले की डावीकडे कलत कलत गवतात जात. "रस्त्यात कपडे नसल्यासारखं वाटतं हो," ते म्हणाले. एवढा दांडगा माणूस, पण हे सांगताना माझ्याकडे बघेना. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा बत्त्याची कल्पना निघाली. माझीच. (हे मी मृणालला अजून सांगितलेलं नाही.) बत्ता कव्हरमध्ये असा चपखल बसला, जणू चांभाराने त्याचंच माप घेतलं होतं. अण्णांनी दोन पावलं टाकली आणि सरळ चालले. अगदी सरळ! शुक्रवारचं तिकीट बारगळलं.

प्रश्न उरला मृणालचा. तिने आधीच बजावलं होतं, की या देशात च्युइंगगमसुद्धा विकत नाहीत, तेव्हा मिरजेचे प्रकार इथे चालणार नाहीत. म्हणजे बत्ता दिसता कामा नये. आणि मग अण्णांच्या ज्ञानाचं भांडार उघडलं. शर्ट एका रंगाचा नको, चौकड्याचा हवा. फुगवटा चौकड्यांत हरवतो. एक माप मोठा हवा. लांबी पट्ट्याखाली चार बोटं, आणि खालची कड सरळ, म्हणजे न खोचलेला मुद्दाम वाटतो. कापड जाड, कारण पातळ कापड घामाने चिकटतं आणि सिंगापुरात तर माणूस आंघोळीनंतर पुसून होण्याआधीच घामाने भिजतो. मॉलमध्ये आम्ही अर्धा दिवस शर्ट बघितले. प्रत्येक शर्ट मला घालायला लावून अण्णा म्हणायचे, "वळा. बसा. वाका." आमची छाती एकाच मापाची, हे त्यांना लग्नातल्या आहेरापासून ठाऊक होतं. चार शर्ट घेतले.

आता चाचणी. माझं म्हणणं, मृणालला बत्ता माझ्या कमरेला दिसला नाही तर अण्णांच्या कमरेला कुणालाच दिसणार नाही. अण्णांनी एकच ताकीद दिली: काही झालं तरी हात वर करायचा नाही. मी म्हटलं, न करायला काय जातंय.

रविवारी आम्ही तिघं बाळाचं सामान आणायला गेलो. मी चौकड्याच्या शर्टात, ताठ. पावणेदोन तास मजेत गेले. मृणाल म्हणालीसुद्धा, की शर्ट तुला चांगला दिसतोय, आणि मी अण्णांकडे विजयी नजर टाकली. मग ती म्हणाली, "मंदार, तो वरचा टब काढ ना."

टब सगळ्यात वरच्या फळीवर होता. आठव्या महिन्यातल्या बायकोला 'तूच काढ' म्हणणारा नवरा अजून जन्मायचाय. मी हात वर केले. शर्ट वर गेला. मागून विक्रेत्या बाईंचा श्वास अडकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक म्हातारे सिक्युरिटी अंकल अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, डोन्ट मूव्ह हां."

मी टब डोक्यावर धरून उभा! डोळ्यांपुढे माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथल्या नोकरीचा परवाना, त्यावरचा फोटो, सगळं तरळून गेलं. अंकलनी विचारलं, कमरेला काय आहे? बत्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना. मी म्हणालो, "फॉर जिंजर."

"जिंजर?" अंकल म्हणाले.

"ड्राय जिंजर ऑल्सो," मी म्हणालो.

एवढ्यात मृणाल पुढे आली आणि तिने माझ्या कमरेतून बत्ता उपसला. चार दिवस ती तो शोधत होती आणि चहाचं आलं किसणीवर किसत होती. "मंदार, हा आईचा बत्ता आहे," ती म्हणाली. मी तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "त्याला बोलू नकोस. माझ्यासाठी केलंय त्यानं." आणि भर दुकानात, बाळांच्या दुपट्ट्यांशेजारी उभं राहून त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. रिकाम्या कमरेचं, डावीकडे कलण्याचं, शुक्रवारच्या तिकिटाचंसुद्धा.

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बत्ता अण्णांच्या हातात दिला. "लावा कमरेला. आलं मी किसून घेईन. पण तुम्ही जाऊ नका." अण्णांनी होकाराची मान हलवली. टब अजून माझ्या डोक्यावरच होता.

अंकलना हे सगळं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी बत्ता हातात घेऊन वजन बघितलं, कौतुकाने परत दिला आणि जाता जाता खास सिंगापुरी लकबीत मला सांगितलं, "नेक्स्ट टाइम, लाँगर शर्ट, लाह."

तीन आठवड्यांनी मुलगी झाली, तीन किलोंची. अण्णांनी तिला उजव्या हातावर घेतलं, ते परत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी बत्ता आपण होऊन खलात गेला, आणि अण्णा घरभर सरळ चालू लागले.

ते चार शर्ट मात्र माझ्याकडेच राहिले. डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी केले होते, पण अर्धे मीच खाल्ले. त्यामुळे आता ते शर्ट मी रोज ऑफिसला घालतो: चौकड्याचे, न खोचलेले, पट्ट्याखाली चार बोटं. आतलं काही कुणाला दिसत नाही, अशी माझी समजूत आहे. फक्त आता फुगवटा पुढच्या बाजूला असतो, आणि तो पोलीस ठाण्यात जमा करता येत नाही.