राजाला ‘बसा’ म्हणणारे मास्तर

गुरुवर्य केशवराव टाकळीकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या किंकाळीवरून.

मंगरूळपीरच्या इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायला माणूस हवा आहे असे कळल्यावरून मी पाठशाळेतली शेंडी आणि डोक्यातली व्याकरणाची सूत्रे एवढा ऐवज घेऊन शाळेच्या ओसरीवर येऊन बसलो होतो. दुपारची वेळ. समोरच्या वर्गातून एकाएकी असा आवाज उठला, की कोणाला तरी नाग चावला असावा. मी ताडकन उभा राहिलो. माझ्या शेजारी तहसील कचेरीचा पट्टेवाला किसन टपालाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो जागचा हलला नाही.

“काई नाई जी, बसा,” तो म्हणाला. “मास्तर मरून राह्यले.”

“म्हणजे?”

“इंग्रजीत मरून राह्यले. मंगळवारी न् शुक्रवारी मरतेत. आज जरा लवकर मेले.”

टपाल देऊन झाले तरी हा गृहस्थ मास्तरांचे मरण ऐकायला थांबत असे, हे मला मागाहून कळले. इंग्रजी त्याला येत नव्हते. मलाही येत नव्हते; पण मी शास्त्री पडलो, त्यामुळे ते कबूल करायला मला अधिक दिवस लागले.

थोड्या वेळाने मास्तर बाहेर आले. बंद गळ्याचा कोट, बोटांना खडू, अंगाने काटकुळे, आणि बोलणे इतके मऊ की मघाची किंकाळी यांचीच यावर विश्वास बसू नये. “घाबरलात का?” त्यांनी विचारले.

“छे,” मी खांब न सोडता म्हणालो.

“मग आज वाचन कमी पडलं,” असे म्हणून ते खिन्न झाले.

मास्तर वर्गात छडी नेत नसत. त्यांना तिची गरजच नव्हती. जुन्या इंग्रजी शोकांतिका ते अशा वाचत, की धिप्पाड पोरांच्याही पाठीला घाम फुटे. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. अशा दिवशी खुनाचा प्रवेश वाचून झाला, की दर्ग्यापलीकडे राहणाऱ्या लहान मुलांना ते स्वतः घरी पोचवत. मी एकदा म्हटले, “मास्तर, एवढी पायपीट कशाला?” तर म्हणाले, “भीती मी दिली. ती घरापर्यंत सांभाळून न्यायला नको का?” त्या मुलांच्या आयांना ते हात जोडून सांगत, की आज याला अंधारात पाणी आणायला पाठवू नका. ज्यांना हे साधे वाटेल त्यांनी दुसरा असा मास्तर मला दाखवावा.

त्यांच्या शिकवण्याविषयी या गौरवग्रंथात विद्वान मंडळी लिहितीलच. मी फक्त मला जेवढे भोवले तेवढे सांगतो. आमच्याकडे उपमा म्हणजे अलंकार. राजाचे मुख चंद्र, राणीचे डोळे कमळ. काढून ठेवले तरी राजाराणीचे काही बिघडत नाही. मास्तर मुलांना म्हणत, “या अंकात कोणतं जनावर पुन्हा पुन्हा येतं ते शोधा. तेच जनावर राजाच्या मनात हिंडतंय.” आणि खरोखरच, कोणाच्या बोलण्यात कुत्री येत, कोणाच्या घुबडे, आणि शेवटी कळे की सगळा दरबार एकाच जनावराच्या वासाने भरला आहे. मी वाद घातला. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमचा चंद्र दागिना आहे. यांचा कुत्रा चावतो.”

स्वभावाविषयी त्यांचे म्हणणे असे, की शोकांतिकेतल्या राजाला शत्रू नंतर मारतो. त्याच्या स्वभावातली एखादी गोष्ट आधी उठून दाराची कडी काढून ठेवते. आणि सत्तेविषयी तर त्यांचा सिद्धांत भलताच सोपा होता. सत्ता राजाच्या अंगात नसते, ती भोवतालच्यांच्या मानेत असते. माना वाकल्या की राजा झाला. हा सिद्धांत आम्ही सर्वांनी एका दुपारी डोळ्यांनी पाहिला, आणि तोच मला इथे सांगायचा आहे.

चळवळीचे दिवस होते. पोलिसाची सायकल दाराशी थांबली तरी घरातली माणसे हळू बोलत. असल्या काळात मास्तरांनी शाळेचे नाटक ठरवले, आणि तेही राजाच्या खुनाचे. ते कोणत्याही एका नाटकाचे भाषांतर नव्हते. मास्तरांच्या डोक्यातल्या अनेक इंग्रजी शोकांतिका उकळून काढलेला तो काढा होता. पद्ये माझी, म्हणजे काढ्यातला कडूपणा माझा. कथा एवढीच: एक गर्विष्ठ म्हातारा राजा खरे बोलणाऱ्या प्रधानाला हाकलतो, तोंडपुज्या मेव्हण्याला जवळ करतो, आणि मेव्हणा भर दरबारात, सिंहासनावरच त्याला भोसकतो.

मी हरकत घेतली. “आमच्या शास्त्रात रंगभूमीवर मरण दाखवत नाहीत.”

“मग तुमचे राजे मरतात कुठे?”

“पडद्यामागे.”

“पडद्यामागे मेलेला राजा पुढच्या अंकात येईल अशी लोकांना आशा राहते,” मास्तर म्हणाले. “मला ती ठेवायची नाही.”

राजाच्या कामाला किन्हीराजाचा बळीराम निवडला. गावाच्या नावातच अर्धी तयारी झालेली होती. मास्तर तालमीत त्याला काहीच शिकवत नसत. शिकवत ते बाकीच्यांना: “तुम्ही भ्या. तुम्ही भ्यालात की तो राजा दिसेल.”

नाटकाला जागा मिळाली ती जिनिंगचे कापसाचे गोदाम. हंगाम संपला होता, भिंतीकडेला थोड्या गासड्या उरल्या होत्या. कापसामुळे आत दिवा लावायची सक्त मनाई, म्हणून खेळ भर दुपारी, दारे लोटून. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडत, बाकी काळोख. मास्तरांना याहून चांगली रंगभूमी विलायतेतही मिळाली नसती.

आता सिंहासनाचे. आमच्या भागात लग्न असो की नाटक, सामान गावातून गोळा करायची रीत आहे. एकाची सतरंजी, दुसऱ्याचा लोटा, तिसऱ्याचा पलंग. मालकाला विचारलेच पाहिजे असेही नाही, घरात जो असेल त्याला सांगितले की झाले. या रीतीने खेळाच्या दिवशी तरटात गुंडाळलेली एक खुर्ची आली. मास्तरांनी तरट दूर केले. उंच पाठीची, शिसवी, आणि पाठीवर वर मधोमध कोरलेला सरकारी मुकुट.

“किसन, ही कोणाची?”

“कचेरीतली हाय जी, साहेबाची,” किसन आनंदाने म्हणाला. “साहेब दौऱ्यावर गेले. रिकामी बसून राह्यली होती बिचारी. सांजच्याले वापस नेऊन ठेवतो, कोनाले पता लागत नाई.”

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पण गोदाम भरले होते, नांदी सुरू झाली होती, आणि दुसरी खुर्ची शोधायला वेळ नव्हता.

दुसऱ्या अंकाच्या मध्यावर गोदामाचे मोठे दार करकरले. उन्हाचा एक पट्टा थेट रंगभूमीपर्यंत आला आणि त्यात तहसीलदारसाहेब उभे होते. वाटेत दमणीचा बैल लंगडला म्हणून दौरा अर्धा टाकून परतले होते, आणि गोदामात कसला जमाव म्हणून पाहायला आले होते.

सगळे गोदाम उभे राहिले. माना वाकल्या. प्रधान वाकला, मेव्हणा वाकला, भालदार वाकले, आणि सिंहासनावरचा राजा उठला, त्याने मुकुट काढून टोपीसारखा बगलेत धरला, आणि वाकून म्हणाला, “नमस्कार, साहेब.”

कोणी हसले नाही. कारण राजा उठल्यामुळे खुर्ची मोकळी दिसत होती, आणि साहेब तिच्याकडेच पाहत होते. ज्या खुर्चीवरून ते माणसांना तुरुंगात पाठवत, ती खुर्ची, तिच्या डोक्यावर सरकारचा मुकुट, आणि घटकाभरात तिच्यावर राजाचा खून व्हायचा होता. राजद्रोह हा शब्द त्या गोदामात कोणी उच्चारला नाही. गरज नव्हती, पत्र्यावर उन्हाची टकटक व्हावी तसा तो प्रत्येकाच्या कानात वाजत होता. आमच्या शाळेचे चिटणीस रामनाम घेत होते, आणि दर जपागणिक दाराच्या दिशेने थोडे सरकत होते.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. मंगळवारचा आणि शुक्रवारचा आवाज.

“बसा, महाराज!”

बळीराम बसला. सगळा तालुका उभा, साहेब उभे, आणि एक शाळकरी पोर साहेबांच्या खुर्चीवर बसलेले.

“ही खुर्ची कोणाची आहे?” साहेबांनी सावकाश विचारले.

मास्तर पडद्याबाहेर आले. कोटाचे गळ्याचे बटण त्यांनी काढले आणि पुन्हा लावले. मी जवळ होतो म्हणून मला दिसले. आवाज मात्र कापला नाही. “या घटकेला राजाची आहे, साहेब. खेळ आटोपला की आपली.”

कोणीतरी पुसून दिलेल्या गासडीवर साहेब बसले. खेळ पुढे चालू झाला. मेव्हण्याने खंजीर दोनदा उगारून दोनदा खाली घेतला, मागच्या लोकांना तो अभिनयच वाटला. खंजीर लाकडाचा, वर चंदेरी कागद. पण राजा सिंहासनावरून खाली कोसळला तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. सगळ्यांच्या नजरा गासडीकडे. रिकाम्या खुर्चीच्या मुकुटावर उन्हाचा कवडसा पडला होता. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, मग ते उठले आणि निघून गेले. टाळी पडली नाही. पडद्यामागे किसन जमिनीवर बसून दात वाजवत होता. “मायी नोकरी गेली जी, मास्तर. लेकरं हायेत घरी. आता काय करू?”

मास्तर त्याच्या शेजारी खाली बसले. “तू काही करू नकोस,” ते म्हणाले. “कोणी विचारलं तर गप्प बस.”

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच मास्तर तिथे गेले. मला बरोबर यायला त्यांनी बंदी केली होती, म्हणून मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. बंदी आत येण्याला होती असा मी अर्थ लावला.

“किसनचा दोष नाही,” मास्तर सांगत होते. “साहेबांची परवानगी मी घेतली आहे, असं मीच त्याला सांगितलं. मास्तर खोटं बोलणार नाही असं त्याला वाटलं. एवढीच त्याची चूक.”

ज्यांच्या तोंडून मी कधी खोटा शब्द ऐकला नव्हता, ते मास्तर हे बोलत होते, आणि इतके अडखळत की मला कडुनिंबाखाली घाम फुटला.

“आणि मी उभा असताना तुम्ही एका पोराला बसवलंत?”

“पोराला नाही, साहेब, राजाला. तो उभाच राहिला असता तर मारायला राजा उरलाच नसता.”

आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “जा तुम्ही.”

किसनची नोकरी राहिली. मास्तरांना अटक झाली नाही. पण पुढे कित्येक महिने सायकल वाजली की मास्तरांच्या घरात चुलीवरचे भांडेसुद्धा आवाज न करता उतरवले जाई. मग ती भीती ओसरली आणि शिक्षा सुरू झाली. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. मास्तरांचे नाव वर मंजुरीला गेले आणि नामंजूर होऊन खाली आले. पुन्हा झाली, पुन्हा तेच. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे त्यांच्यावर मुख्याध्यापक होऊन आली.

या ग्रंथात कोणीतरी नक्की लिहील, की गुरुवर्यांना पदाचा मोह नव्हता. ते खोटे आहे. मोह होता. मुख्याध्यापक झाल्यावर शाळेच्या मागच्या पटांगणात दगडी रंगमंच बांधायचा, म्हणून त्यांनी पावले टाकून जागा आखली होती, चार कोपऱ्यांना चार दगड पुरले होते. त्या दगडांना ठेच लागून मी दोनदा पडलो आहे. मास्तर तिथून जाताना ते टाळून, लांबून जात.

मी शाळा सोडून वार्ताहर झालो तेव्हा त्यांनी मला एकच दम दिला. “किसन नोकरीत आहे तोवर एक शब्दही छापायचा नाही.” बातमीदाराला याहून कठोर शिक्षा नाही, पण मी ती भोगली. मागल्या महिन्यात किसन पेन्शनीत निघाला. मी त्याच्याकडे गेलो.

“लिवा जी आता,” तो म्हणाला. “कायले भ्यायचं? मास्तर रागावतीन, रागावू द्या. मायाकून येवढंच लिवा, खुर्ची म्या नेली होती. मास्तरले ठाव बी नव्हतं. म्या नेली.”

लिहिले आहे, किसनराव.

गुरुवर्य साठीत प्रवेश करीत आहेत. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य, धड छाती आणि खणखणीत गळा देवो. हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल त्या दिवशी किसनराव आणि मी, दोघेही, त्यांच्या दारात हजर राहणार आहोत. हे पान त्यांनी वाचले की ते कडाडतील, आणि आम्हाला कापरे भरेल, यात मला शंका नाही. आणखी पुष्कळ वर्षे त्यांनी असेच कडाडावे, आणि आम्ही असेच त्यांच्या दारात भीत उभे असावे, एवढेच आम्हा दोघांचे मागणे आहे.