आत्याबाई आणि हिरवा पडदा

आत्याबाईंनी देवाचा प्रसाद म्हणून मिळालेला पेढासुद्धा कधी फोडून पाहिल्याशिवाय तोंडात टाकला नाही. एसटीच्या पाटीवर ठळक 'परभणी' लिहिलेलं असे. तरी त्या कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि बसल्यावर शेजारणीला. वाटेतलं पिंगळी गाव आलं की मगच जरा मागे टेकत.

त्या माझ्या सासूबाई. आमच्या ताडकळसकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. गाव मात्र पाठीमागे त्यांना 'शक्कीबाई' म्हणे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "म्हणू द्या की," त्या म्हणत. "फसलेल्याला गाव हसतंय, शक्कीला नुसती नावं ठिवतंय. अन् म्या सांगते, डोळ्यानं बघितलं तरी दोनदा बघावं."

नवी सून म्हणून मी आले तेव्हा हा संशय माझ्याही वाट्याला आला. मी डबा झाकला की त्या उघडून पाहत. मी माहेरी फोनवर तक्रारी करी, आणि त्या दाराआडून ऐकत असाव्यात असा संशय मला येई. पण पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात माझा गर्भ गेला. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तोच संशय माझ्याभोवती पहाऱ्याला उभा राहिला. शेजारून खीर आली की आधी त्या खात, घटकाभर वाट पाहत, मग वाटी माझ्यापुढे सरकवत. हेही मूल राहतं की नाही, हा घोर माझ्या जिवाला सतत होता. घरात बोलून कुणी दाखवत नव्हतं एवढंच.

डोहाळजेवणाच्या सकाळी आमच्या ह्यांनी आम्हा दोघींना बाजारातल्या फोटो स्टुडिओत नेलं. फोटोवाल्यानं हिरवा पडदा आणला होता. पडदाही नवा आणि हातही नवा.

"मावशी, फोटोत ह्यो पडदा दिसतच न्हाई. त्या जागी काश्मीर येतंय," तो कौतुकानं म्हणाला.

आत्याबाईंनी पडद्याचं टोक चिमटीत धरून चोळलं, वाकून मागे पाहिलं. मागे पोपडे आलेली भिंत होती.

"दिसतच न्हाई तर लावलास कशाला? अन् भिताडानं तुझं काय घोडं मारलं?"

"आजकाल सगळे असंच काढायलेत, मावशी."

"सगळे काढायलेत म्हणूनच मला शक यायलाय."

मी हिरवी साडी नेसले होते, हातात हिरवा चुडा होता. डोहाळजेवणाला दुसरा रंग कसला? पडदाही हिरवाच आहे, याचं ना त्याला काही वाटलं ना आम्हाला. फोटो काढून त्यानं कॉम्प्युटरवर काश्मीर चढवलं आणि ऐटीत स्क्रीन आमच्याकडे वळवला.

यंत्रानं हिरवं तेवढं सगळं पुसलं होतं, पडद्याबरोबर साडीही. बर्फाच्या डोंगरापुढे माझा चेहरा होता, फुलांचे दागिने होते. मनगटं उघडी पडली होती, चुड्याचा पत्ता नव्हता. आणि पोटाच्या जागी निळंशार तळं होतं.

तिथंच स्टुलावर बसून मी रडू लागले. "सॉरी वहिनी, साडी बदलून या," फोटोवाला म्हणत होता. मी आत्याबाईंकडे पाहिलं. पेढ्यातही खोट शोधणारी ही बाई आता यातून काय काय काढील, या विचारानं मला धडकी भरली.

त्यांनी तो फोटो दुसऱ्यांदा पाहिलाही नाही. जवळ येऊन माझ्या पोटावर तळहात ठेवला. "रडायलीस कशापायी? यंत्राला हिरवं कळंना, त्यात लेकराचं काय? म्या लय जिनसांवर शक घेतला, पर ह्या लेकरावर न्हाई. हे येतंय बघ."

काहीही न तपासता इतकं ठाम बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. माझं रडू थांबलं.

मग त्यांनी पडदा कडेला ओढला. "काढ आता. भिताडापुढं." फोटो होईपर्यंत पडद्याचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरून ठेवलं. सोडला तर तो परत पुढे येईल, असा त्यांना संशय होता.

मुलगी झाली. बदलाबदली नको म्हणून तिच्या मनगटावरची पट्टी आत्याबाईंनी नर्सकडून दोनदा वाचून घेतली. पुढे कुणी तिला मांडीवर घ्यायला आलं की आधी त्याचे हात पालथे-उलथे करून पाहत. यंदाच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. घर एकदम भोळं झालंय. कुणीही येतं, काहीही सांगतं, आणि आम्ही खरं मानतो. मला त्यांच्यावाचून करमत नाही.

परवा तो भिंतीपुढचा फोटो मोठा करून घ्यायला मी त्याच स्टुडिओत गेले. फोटोवाल्याचा हात आता चांगला बसलाय. म्हणाला, "वहिनी, मागं बगीचा टाकतो. अन् कडेला ही कुणाची तरी मूठ आलीय, ती काढून टाकतो. कळणारसुद्धा न्हाई."

तो 'कळणारसुद्धा न्हाई' म्हणाला आणि मला त्याचा संशय आला.

"भिंत राहू द्या. मूठही राहू द्या," मी म्हटलं, आणि फोटो छापून हातात येईपर्यंत दुकानातून हलले नाही. मग दारात जाऊन तो उजेडात धरला. मूठ जागेवर होती. तरी मी दोनदा पाहिलं.