माशांची आवणी

आमच्या सासरच्या घरात मॅट्रिक झालेली पहिली बाई मी. दहिवलीच्या मास्तरांची मुलगी खालापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात पडली, तेव्हा शाळेचा दाखला ट्रंकेत सगळ्यात वर ठेवून आणला होता. गणितात मला कधी चूक माहीत नव्हती आणि हे मी लोकांना कळेल अशा बेताने वागायचे. पण दोन वर्षं मला कुणी साधी बेरीजसुद्धा विचारली नाही. तिसऱ्या वर्षी विचारली, ती माशांच्या भुकेची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. धाकट्या नणंदेचं लग्न कळंबच्या घरात ठरलं आणि तारीख पुढच्या वैशाखातली निघाली. आमच्याकडे हळदीला तिखटाचं, म्हणजे मासे-मटणाचं जेवण आणि लग्नाला गोडाचं. सुपारी फोडताना व्याही मिशीवर हात फिरवत म्हणाले, ‘आमच्याकडं नदी हाय. मावऱ्याला तोटा नाय. तुमचं काय?’ सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबांना ते लागलं. ते म्हणाले, ‘उष्टी हळद घेऊन याल ना, तवा आमच्या तळ्यातलाच मावरा खाल. चारशे मानूस आना.’

आमच्याकडे तळं नव्हतं. शेताच्या कडेला वीटभट्टीवाल्याने माती काढून नेलेला चार गुंठ्यांचा खड्डा होता आणि त्यात दुपारची आमची कुत्री झोपायची.

पण शब्द गेला होता. नणंद आत तांदूळ निवडता निवडता हे सगळं ऐकत होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘वयनी, आबांची जीभ माझ्या हळदीला मला खाली बघायला लावनार.’ मी तिला म्हटलं, ‘मी आहे ना.’ का म्हटलं देव जाणे. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे आशेने बघत होतं, म्हणून असेल.

पाऊस लागून खड्डा भरला, तसे आबा तालुक्याला गेले आणि मासे खात्याच्या एका तरुण साहेबांना घेऊन आले. टेरिलिनच्या शर्टाला चिखल लागू नये म्हणून साहेब बांधावर तिरके चालत होते. त्यांनी पाणी पाहिलं, एक छापील कागद दिला आणि तो वाचणारं घरात कोण आहे असं विचारलं. आबांनी माझ्याकडे बोट केलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. गुंठ्याला पन्नास पिल्लं सोडावीत, रोज माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन इतकं खाद्य द्यावं, त्यात निम्मा भाताचा कोंडा आणि निम्मी शेंगदाण्याची पेंड असावी, असं त्यात होतं. मला इतका आनंद झाला की मी तो कागद चुलीजवळ उभी राहून मोठ्याने वाचला.

‘आबा, चार गुंठ्यांना दोनशे पिल्लं,’ मी सांगितलं.

‘दोनशे? पावनं चारशे हायेत गं.’

‘एकेक मासा पाऊण किलोचा होईल. म्हणजे दीडशे किलो. चारशे माणसं भरपूर जेवतील. डोक्यामागे एक मासा नाही वाढायचा, तुकडे वाढायचे.’

आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी स्वतः टेंपो करून गेले आणि पत्र्याच्या डब्यांमधून, हवेने फुगवलेल्या पिशव्यांत दोन हजार पिल्लं घेऊन आले.

माझा संताप मला आवरेना. मी विचारलं, ‘आबा, मी किती सांगितले होते?’

‘तू बोललीस तेवडंच आनलं. एक शून्य जास्त लागलं.’ मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘अगं, भात कसा करतो आमी? आधी राब. इवल्याशा तुकड्यात दाट पेरायचं. रोप झालं का उपटायचं न शेतभर लावायचं. बारक्या रोपाला आधीच कोन शेतभर पसरवतो?’

मासा म्हणजे भात नव्हे, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. आबांनी तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि पिशव्या पाण्यात सोडल्या.

आता खाद्याचा हिशेब आला. माशांचं वजन कळल्याशिवाय खाद्य कळेना आणि मासे काही रांगेत उभे राहून वजन देईनात. नाक्यावरच्या दुकानातल्या चाचांचा तराजू मी मागून आणला. चाचांना कुतूहल फार, ते तराजूबरोबर स्वतःही आले. आधी पाण्याचं पातेलं तोलायचं, मग त्यात वीस मासे टाकून पुन्हा तोलायचं, वजाबाकी करायची आणि वीसने भागायचं, असा माझा बेत होता. पहिल्या वेळी पातेल्यातून एक मासा उडाला, तो थेट चाचांच्या सदऱ्यात गेला. एकोणीसने भागावं लागलं आणि भागाकार काही नीट सुटेना.

दसऱ्यापर्यंत माझं कोष्टक भिंतीवर लागलं. सरासरी चाळीस ग्रॅम, गुणिले दोन हजार, म्हणजे ऐंशी किलो मासा. शेकडा तीनने चोवीसशे ग्रॅम खाद्य. निम्मी पेंड म्हणजे बाराशे ग्रॅम. ही पेंड घरात होती, पण ती म्हशीची होती. आबांनी ती माशांना दिली. आठवडाभरात म्हैस निम्म्या दुधावर आली आणि घरात कोरा चहा सुरू झाला. आबांना कोऱ्या चहाचा मनस्वी तिटकारा. पण कळंबच्या मिशा त्यांच्या डोळ्यांपुढे असाव्यात, कारण ते तो तोंड वाकडं करून प्यायचे.

कोष्टकाची दुसरी वैरीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना उपाशी कुणी बघवत नसे. जेवायला बसलेल्याने पुरे म्हटलं की त्यांना ते आणखी हवंय असं ऐकू यायचं. मी सकाळी मोजून खाद्य टाकून आले की त्या मागून सुपात कोंडा, शिळ्या भाकरीचा चुरा आणि उरलेला भात घेऊन तळ्यावर जायच्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या की पाणी उकळल्यासारखं व्हायचं.

‘आई, त्यांचं पोट भरलंय. हिशेबाने दिलंय मी.’

‘तुज्या हिशोबाला पोट हाय का गं? बघ कशी तोंडं वर करतायत बिचारी.’

त्यात भर म्हणजे मी वजनासाठी जे मासे धरायचे ते काठाजवळचे, म्हणजे नेमके सासूबाईंचे लाडके खादाड. त्यांच्या वजनावरून मी बाकीच्यांचं पोट ठरवत होते. हे मला फार उशिरा उमगलं आणि कबूल तर आज पहिल्यांदाच करते आहे. त्या सगळ्या काळात खरी बहरली ती सासूबाईंची वांगी. तळ्याचं हिरवं पाणी त्या वाफ्यात सोडायच्या. झाडं माझ्या खांद्याला लागली.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. सासूबाई सूप घेऊन धावल्या. मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी असं काही केलं होतं. ‘भूक नाही आई, त्यांना हवा पुरत नाहीये. दाटी झालीय. आणखी टाकलंत तर सगळे मरतील.’ साहेबांना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. दोनशे ठेवा, नाहीतर दोन हजार फेका. मी आबांकडे बघितलं. मी बोलले होते, असं तोंडाने म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर ठसठशीत लिहिलेलं असणार.

आबा मात्र खूश दिसले. ‘मग काय तर! रोप तयार झालं. आता आवनी.’

भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. एकमेकांच्या शेतात सगळा गाव उतरतो आणि ज्याच्या राबात रोप उरेल तो ते ज्याला कमी पडेल त्याला देऊन टाकतो. दिलेल्या रोपाची कुणी मोजदाद ठेवत नाही. तर तशी माशांची आवणी झाली. लोक घमेली, हंडे, कळश्या घेऊन आले. कुणी आपल्या विहिरीत मासे सोडले, कुणी भट्टीच्या खड्ड्यात, कुणी दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात. चाचांनी दुकानामागच्या विहिरीसाठी तेलाचा डबा भरून नेला. मी वही घेऊन बांधावर बसले होते, कुणी किती नेले ते लिहायला. आबांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

‘दिलेला राब कोन लिहितं का? लोक काय म्हनतील?’

‘आबा, अठराशे मासे आहेत.’

‘असू दे.’

मी आत जाऊन भांडी आपटली. पण तळ्यात बरोबर दोनशे उरले. ते मात्र मी स्वतः मोजून ठेवले होते. आता गणित माझ्या हातात होतं. म्हशीला तिची पेंड परत मिळाली, आबांना दुधाचा चहा आणि मला माझा मान. सासूबाईंच्या सुपावर मी पहारा ठेवला. दर महिन्याला वजन, दर महिन्याला नवं कोष्टक. वैशाखात दीडशे किलो मासा, असं मी नणंदेला छातीठोक सांगितलं आणि तिने ते कळंबला कळवलं.

हळदीच्या दिवशी सकाळी जाळं ओढलं. अख्खा गाव बघायला जमला होता. जाळं काठाला आलं आणि मी मोजायला लागले. एकाहत्तर. जाळं पुन्हा फिरवलं, तेव्हा त्यात आला एक मरळ, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा. काळा, हातभर लांब आणि मांडीएवढा जाड. पावसात कुठल्याशा ओहोळातून चढून आला असावा. माझ्या कोष्टकात त्याला रकाना नव्हता. दिवाळीपासून मी दोनशे माशांना मोजून खाऊ घालत होते आणि ते मासे मी त्याला खाऊ घालत होते. दर महिन्याला मासे कोष्टकापेक्षा जास्त भरायचे, याचा मला किती अभिमान होता! त्याचं कारण मी शोधलंच नव्हतं.

लोक एकेक करून निघून गेले. हसायला गेले असं मला वाटलं. आबा बांधावर बसले. मी म्हटलं, ‘आबा, ज्यांनी नेले त्यांच्याकडे मागून येते.’ ते म्हणाले, ‘दिलेलं मागायचं नाय.’ एवढंच. घरात नणंद हळदीच्या पाटावर बसायच्या आधीच रडत होती. ‘माज्या हळदीला काय वांगी वाढनार का गं?’ मी मागच्या पडवीत जाऊन कोष्टक भिंतीवरून फाडलं. फार लाज वाटली. दुसऱ्याच्या लेकीचा सोहळा मी पाढे म्हणून दाखवण्यात घालवला होता.

दुपारी बाहेर घमेल्यांचा आवाज आला. गेलेली माणसं परत येत होती. वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या, नुसत्या टोपलीने मासे हाती लागत होते. कुणी चार आणले, कुणी दहा, खाणीवाल्याने पोतं भरून आणलं. अंगणात ठेवायचे आणि मांडवाला हात लावायला जायचे. चाचा डबा घेऊन आले आणि डब्याबरोबर तराजूही. ‘बेटा, तोलना है क्या?’ त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं.

संध्याकाळी कळंबची मंडळी उष्टी हळद घेऊन आली आणि जेवली. व्याह्यांनी तिसऱ्यांदा रस्सा मागून घेत विचारलं, ‘सारा तुमच्याच तळ्यातला काय हो?’ आबा म्हणाले, ‘आमच्याच राबाचा.’ नणंद आतून ऐकत होती. हळदीने पिवळ्या झालेल्या तोंडाने ती माझ्याकडे बघून हसली आणि तेव्हा मला बरं वाटलं.

बायकांची पंगत शेवटी बसली. सासूबाई वाढत वाढत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या पानात मरळाचं डोकं ठेवलं. शेजारी दोन जाड तुकडे, वर रस्सा. मी म्हटलं, ‘आई, पुरे.’

‘पुरे कसं? तुजी सारी मोजनी याच्याच पोटात हाय,’ त्या म्हणाल्या. ‘खा गं. वर्सभर तूच पोसलायस.’

सगळी पंगत हसली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते तिखटाचं आहे असं सांगितलं. मासा फार चवदार होता. तिसरा तुकडा मी मागून घेतला.