बाबांनी थंड केलेली बिअर

आमची जयपूरला बदली झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला घरी बिअर करायचं वेड लागलं. परदेशातून आलेल्या एका मित्राने हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, दोन पाकिटं दिली होती, आणि जव तर इथे पोत्याने मिळायचे. मालवीय नगरातल्या आमच्या गच्चीवर मी ते भिजवले, मोड आणले, वाळवले, भरडले आणि गरम पाण्यात मुरवले. ते पाणी गाळून हॉप्स घालून तासभर उकळलं, की घरभर भाजलेल्या भाकरीसारखा वास सुटायचा. इथपर्यंत सगळं छान जमायचं.

अडायचं ते पुढे. उकळलेलं पाणी झटपट गार करून त्यात यीस्ट घालावं लागतं. उशीर झाला की ते नासतं. पहिल्या खेपेला मी पातेलं नुसतं झाकून ठेवलं. सगळं आंबट झालं. दुसऱ्या खेपेला फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली, तिचं वेटोळं करून पातेल्यात सोडलं आणि नळाचं पाणी त्यातून फिरवलं. पण एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच अंघोळीला विसण मागणारं! तेही गेलं.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी भुसावळहून बाबा आले. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. दारूचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. पण जव भिजून, वाळून तयार होते. फेकवेनात.

"काय उकळतोयस?" रविवारी सकाळी त्यांनी विचारलं.

"बार्लीचं सरबत."

बायको भांडी पुसता पुसता खोकली.

या वेळी मी कूलरमधला छोटा पंप काढला होता. टबात बर्फाची अर्धी लादी फोडून टाकली, पाणी ओतलं, पंप त्यात बुडवला आणि त्याची नळी वेटोळ्याला जोडली. बटण दाबलं. पंप घुरघुरला, पण दुसऱ्या टोकातून थेंबही येईना. पातेलं ओट्यावर वाफा सोडत बसलेलं.

"या उन्हात कूलरही बंद आणि सरबतही गरम," बायको म्हणाली.

बाबा पेपर ठेवून उठले. वाकून पंप पाहिला, मग पातेलं.

"पंप खाली, पातेलं वर. त्याच्यात तेवढा दम आहे का? पातेलं खाली घे."

दोन फडकी धरून आम्ही दोघांनी ते जमिनीवर उतरवलं. मी पुन्हा बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, "थांब. आत्ताच बर्फ कशाला जाळतोस? आधी टाकीचं पाणी सोड. वरची आग तेवढ्यानेच जाईल. मग बर्फ."

तसंच केलं. नळाचं पाणी वेटोळ्यातून चटका देत बाहेर आलं. ते बायकोने बादलीत भांड्यांसाठी धरलं. ते कोमट यायला लागल्यावर पंप जोडला. टबातलं गार पाणी वेटोळ्यात जाऊन परत टबात येऊ लागलं. बाबा वेटोळं धरून हळूहळू हलवत राहिले, मी थर्मामीटर वाचत राहिलो. साठ. पन्नास. चाळीस.

"सरबताला एवढी घाई कशाची रे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगून टाकलं, "बाबा, बिअर आहे."

त्यांचा हात थांबला. तेवढ्यात फट्‌कन नळी निसटली आणि बर्फाच्या पाण्याची धार थेट त्यांच्या छातीवर! बनियन, मिशा, चष्मा, सगळं चिंब. मी बटण बंद करायला धावलो. वळून पाहतो तर बाबा जमिनीवर फतकल मारून हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. बायको पदर तोंडात कोंबून उभी. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तार आण," चष्मा पुसत ते म्हणाले. "क्लिप नाही लावलीस. करायचं तर नीट कर."

त्यांनी पक्कडीने तार आवळली. अर्ध्या तासात काटा बाविसावर आला. सगळं पिंपात ओतून यीस्ट मी घातलं, झाकण मात्र त्यांनी लावलं.

बाबा आठवड्यासाठी आले होते, महिनाभर राहिले. रोज सकाळी कोठीच्या खोलीत जाऊन पिंपाला कान लावायचे आणि बातमी द्यायचे, "बुडबुडतंय." बाटल्या भरल्या तेव्हा फेस यावा म्हणून प्रत्येकीत चमचाभर साखर त्यांनीच मोजून घातली.

पहिली बाटली उघडली त्या संध्याकाळी गच्चीवर वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तरही आले होते. बाबांनी पेल्यातून एकच घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि गिळला.

"कडू आहे. काढ्यासारखी." पेला त्यांनी माझ्या हातात परत दिला.

मास्तरांनी मात्र पेला रिकामा केला. "वाह! किसने बनाई?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या भुसावळी हिंदीत म्हणाले, "बनाया इसने. मगर ठंडा हमने किया."