भासऱ्यांची रोजची तसवीर

आमच्या भासऱ्यांइतकं आपलं घर बारकाईनं पाहिलेला माणूस सबंध निजामाच्या राज्यात दुसरा नसेल, आणि त्याच घरात दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापणाऱ्या मला मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. हल्लीच्या मुली त्यांना दादा म्हणून हाक मारतात आणि शेजारी बसून चहा पितात. आमच्या वेळी भासऱ्यांची चाहूल लागली की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि भिंतीला पाठ लावून आपणच भिंत व्हायचं, अशी रीत होती. त्यांनीही धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर ते ओसरीवरच्या खांबाला सांगत. "आज जेवायला दोन माणसं जास्त हायत," असं ते खांबाला म्हणत आणि मी आत पीठ वाढवत असे. खांब सागवानी होता आणि स्वभावानं गरीब.

भासरे नांदेडच्या अदालतीत पेशकार होते. दिवसभर मुकदम्यांचे उर्दू कागद हाकिमापुढं ठेवायचे आणि घरी आले की शेरवानी खुंटीला लावून कॅमेरा काढायचा. हा कॅमेरा त्यांनी हैदराबादेहून जुना विकत आणला होता. लाकडी पेटी, तिला तीन पाय, मागं दुधी काच आणि वरून घ्यायला काळं फडकं. रोज एक तसवीर काढायची, ती आपल्या घराच्या आवारातच काढायची आणि तीत माणूस येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता. लोक एकादशी धरतात, तसा हा त्यांनी धरला होता. फक्त हा रोज यायचा आणि याला फराळ नव्हता. माणसं का नकोत, असं कुणी विचारलं तर म्हणत, "माणूस काचेपुढं आला की दुसराच होतो. उखळ तसं करत न्हाई." उखळाच्या मग त्यांनी इतक्या तसविरी काढल्या की आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बायको, एकदा मला म्हणाल्या, "उखळाच्या जन्माला आले असते तर माझी बी एखादी निघाली असती, बाई."

उखळ झालं, ताकाचा डेरा झाला, धाब्याच्या माळवदावर उगवलेलं गवत झालं, न्हाणीतलं घंगाळ झालं. सासूबाई वाती वळता वळता विचारायच्या, "काय करून राहिलास रे? हेच उखळ काल बी काढलंस."

"काल ऊन डाव्या अंगाला होतं, आई."

"ऊन डावीकडं गेलं म्हणून उखळाची म्हैस होती का?"

भासरे यावर काही बोलत नसत. अदालतीत राहिलेल्या माणसाला, कुठल्या प्रश्नाला जबाब द्यायचा नसतो, हे कळतं. अदालतीला सुट्टी जुम्याची. त्या दिवशी ते सकाळीच न्हाणीघर ताब्यात घेत, दाराच्या फटीत गोधड्या कोंबत आणि कंदिलाला लाल फडकं गुंडाळून आठवड्याच्या काचा धूत बसत. तोवर घरात कुणाची आंघोळ नाही, आंघोळ नाही म्हणून सोवळं नाही, सोवळं नाही म्हणून स्वयंपाक नाही. शुक्रवारी आमच्याकडं जेवायला येणारा पाहुणा दुसऱ्यांदा कधी शुक्रवारी आला नाही.

एकदा अर्धापूरहून कुणीतरी केळीचा अख्खा घड धाडला. तो माजघराच्या आढ्याला टांगला आणि भासऱ्यांनी जाहीर केलं की घड हिरव्याचा पिवळा कसा होतो त्याची रोज एक तसवीर निघेल, तोवर हात लावायचा नाही. तसविरीत सगळेच रंग काळेपांढरे येतात, हे त्यांना सांगणार कोण? खांबाला ते सुचलं नाही. चार दिवसांत घरभर असा घमघमाट सुटला की मला स्वप्नातसुद्धा केळी दिसायला लागली. मी तेव्हा स्वतःला फार अक्कलवान समजत असे. म्हणून मी पुढून न तोडता घडाच्या मागच्या बाजूचं एक केळं तोडलं. दुसऱ्या दिवशी जुमा होता. काचा धुऊन झाल्यावर भासरे दोन्ही तसविरी हातात घेऊन ओसरीवर आले आणि खांबाला म्हणाले, "घड कालच्यापेक्षा अंगठाभर फिरलाय. वारा न्हाई, भूकंप न्हाई. म्हणजे पाठीमागचं वजन कमी झालं." दाराआड मी उभी होते आणि उरलेलं अर्धं केळं माझ्या तोंडात होतं. खांबानं माझं नाव सांगितलं नाही. पुढं घड पिकून काळा झाला, तेव्हा सासूबाईंनी तो गाईपुढं टाकला. त्या दिवसाची तसवीर गाईच्या रिकाम्या टोपल्याची आहे.

माझं माहेर लातूरचं. निजामाच्या राज्याची ती अखेर होती आणि बायकामाणसांनी रस्त्यानं प्रवास करावा असे दिवस राहिले नव्हते. कधी कुठं काय होईल याचा नेम नव्हता. अशात लातूरच्या गंजबाजारातले एक आडते कामासाठी नांदेडला आले आणि माझ्या भावाचा निरोप सांगून गेले. आईचं उजवं अंग गेलं होतं. "जीभ जड झालीया," ते म्हणाले, "पण एकच धोसरा लावलाय, पोरीचं तोंड दाखवा म्हणून." आई येऊ शकत नव्हती, मी जाऊ शकत नव्हते. मी चुलीपुढं बसून रडले. रडता रडता मला सुचलं की आडत्यांबरोबर तोंड तेवढं धाडता येईल. हे सुचल्यावर रडणं थांबलं आणि नथ मोत्याची घालावी की पोवळ्याची, हा विचार सुरू झाला. मी देखणी आहे याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. घरातला आरसा तळहाताएवढा होता, त्यात एका वेळी एकच अवयव दिसे, आणि सुटे सुटे पाहिले तर ते सगळे ठीकच होते.

मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी भासऱ्यांना सांगितलं. भासरे म्हणाले, "दोन नेम मोडतात, आई. एक माझा, एक तुझा."

सासूबाई दिवसभर वाती वळत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी निवाडा दिला. "ग्रहण कुणी उघड्या डोळ्यांनी बघत न्हाई. परातीत पाणी घेऊन त्यात बघतात. तू बी काचेतच बघतोस ना? मग सून बघितली असं होत न्हाई."

"काचेत माणूस उलटा दिसतो, आई. पाय वर, डोकं खाली."

"मग तर लईच बरं. उलट्या सुनेला कोण ओळखतंय?"

दुसऱ्या दिवशी मी पैठणी नेसले, होते नव्हते ते दागिने घातले, तोंडाला तांदळाची पिठी चोळली आणि अंगणात पाटावर बसले. भासरे फडक्याखाली शिरले. त्यांच्या डोक्यावर काळं फडकं, माझ्या तोंडावरचा पदर सासूबाईंच्या हुकमानं मागं. घरात बुरखा एकच असायचा असेल तर तो कुणी घ्यायचा ते त्या दिवशी ठरलं होतं. फडक्याखाली भासरे आहेत असं मला वाटतच नव्हतं. तिथं एक तीन पायांचं जनावर उभं होतं आणि जनावराची कोण लाज धरतं? मी हनुवटी वर केली, डोळे मोठे केले, ओठ असे मिटले की नथ शोभून दिसावी. पण काच बसवल्यावर भिंगाची टोपी हातानं काढावी लागते. त्यासाठी भासरे फडक्यातून बाहेर आले. भासरे दिसले आणि माझ्या हातानं, मला न विचारता, पदर हनुवटीपर्यंत ओढला. "एक, दोन, तीन," भासरे टोपीकडं बघत म्हणाले आणि त्यांनी टोपी लावून टाकली. मी कुठं आहे हे ते बघणारच नव्हते.

आडत्यांना घाई होती म्हणून काच जुम्याची वाट न बघता त्याच दिवशी धुतली. तसवीर उत्तम आली. पैठणीचा काठ न् काठ, पाटाच्या फुल्या, पायातली जोडवी, सगळं होतं. मानेच्या वर एक गाठोडं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "हे धाडलं तर तिकडं म्हणतील, पोरीऐवजी लुगडीच पाठवली." त्या दिवसाची काच संपली होती. उद्याचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "ग्रहण काय रोज लागतंय?" आडते परवा सकाळी निघणार होते. मी पुन्हा चुलीपुढं बसून रडले. या खेपेला नथ आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुरडया घातल्या होत्या आणि त्या राखायला मला काठी देऊन माळवदावर बसवलं होतं. ऊन असं होतं की कावळेसुद्धा आले नाहीत. उन्हाळ्यात अदालत सकाळचीच असायची. दुपारनंतर खाली आले, तर भासरे ओसरीवर खांबासमोर उभे. हातात ओली तसवीर. म्हणाले, "आजची तसवीर शेजारच्या माळवदावरनं घेतली. कुरडयांची हाय. चौकटीत आणखी काय आलं असंल, तर त्याची मला खबर न्हाई. लातूरला कुणाला कुरडया बघायच्या असतील तर धाडून द्या." एवढं बोलून तसवीर कट्ट्यावर ठेवून ते आत गेले.

कुरडया होत्याच. कडेला मी होते. पदर खांद्यावर, केस सुटलेले, नथ नाही, पिठी नाही, गालात अर्धी वाळलेली कुरडई. डोळे कुठंतरी लांब लागलेले. बघणाऱ्याला वाटावं, पोर माहेरच्या वाटेकडं बघते आहे. खरं सांगायचं तर पुढची कुरडई कुठली उचलावी हे मी बघत होते. आडत्यांनी ती तसवीर फडक्यात गुंडाळून पागोट्यात खोवली.

निजाम गेला, रस्ते उघडले आणि दिवाळीला मी लातूरला पोचले. आई आषाढातच गेली होती. वहिनीनं ट्रंकेतून तसवीर काढून माझ्या हातात दिली. कुरडयांची शेव न् शेव जागेवर होती. माझ्या तोंडाच्या जागी बोटभर पांढरं होतं. "डावा हात तेवढा चालायचा त्यांचा, वन्सं," वहिनी म्हणाली. "दिसभर अंगठा फिरवायच्या. झोपंत बी."

नांदेडला परत आल्यावर ती तसवीर मी भिंतीतल्या देवळीत ठेवली होती, ती भासऱ्यांच्या नजरेला पडली. उजेडाकडं धरून त्यांनी ती आडवी केली, तिरपी केली. "धुण्यात कसूर राहिली असंल," स्वतःशीच म्हणाले. मग नखानं कड खरवडून पाहिली. मग अंगठा त्या पांढऱ्यावर टेकवला. तो बरोबर बसला. अंगठा त्यांनी लगेच उचलला आणि तसवीर होती तशी देवळीत ठेवली.

"आई," ते म्हणाले, "हिची काच हाय माझ्यापाशी. नवी काढून देता येती. तोंडासकट. विचार तिला."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. त्यांनी विचारायचं, मी त्यांना सांगायचं, त्यांनी ते पुढं सांगायचं, अशी रीत होती.

"नको," मी म्हणाले.

भासऱ्यांशी उभ्या जन्मात मी बोललेला तो एकच शब्द. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वातींचं तबक पुढं ओढलं. भासरे म्हणाले, "बरं." ते कुणाकडं बघून म्हणाले, ते मला दिसलं नाही. माझा पदर खाली होता.