जादू अडवणारी सात खनिजं

एकशे बाराव्या भागात आमच्या नायकाने समुद्र उचलून बाजूला ठेवला. एकशे तेराव्यात त्याने काय करावं, हे कोणालाच सुचेना.

सोमवारची मीटिंग होती. टीम पुण्याच्या ऑफिसात, मी परभणीत आमच्या घरी, वरच्या खोलीत. आमची कंपनी मोबाइलवर ऐकायच्या मालिका बनवते. रोज एक भाग, पंधरा मिनिटांचा. माझं पद ‘वर्ल्ड बिल्डर’. म्हणजे मालिकेतलं जग कसं चालतं याचे नियम लिहायचे. तिथे चंद्र किती, राजा मेला तर गादी कोणाला, मंत्र म्हणताना शिंक आली तर काय होतं. नियम मी लिहिते आणि लेखक ते वाचत नाहीत. त्यामुळेच समुद्र बाजूला गेला.

“लोक सोडून चाललेत,” निखिल सर म्हणाले. ते आमचे हेड. “हीरोला अडवायला काहीतरी पाहिजे. व्हिलन नको, व्हिलन संपलेत. मिनरल पाहिजे. जमिनीतून निघणारं, जादूत अडथळा आणणारं. शुक्रवारपर्यंत सात.”

‘सातच का सर?’ मी चॅटमध्ये लिहिलं. मी शक्यतो बोलत नाही, लिहिते.

“सात छान वाटतात. आणि तुझं प्रोबेशन संपतंय ना? हे डॉक्युमेंट बघूनच ठरवू.”

प्रोबेशन म्हणजे सहा महिने कंपनी तुम्हाला पारखते. तुम्ही कंपनीला पारखायची सोय त्यात नसते. मला काढलं असतं तर पुढचा रस्ता आईने आखून ठेवला होता. बी.एड.चा फॉर्म, माझा फोटो चिकटवून, कपाटात तयार होता. रोज चाळीस मुलांसमोर उभं राहून मोठ्याने बोलायचं. मी किराणा दुकानातसुद्धा यादी लिहून नेते आणि काउंटरवर ठेवते.

बुधवारी मी सात नावं पाठवली. नॉक्सराइट, व्हेल्डियम, ओब्सिरा वगैरे. सगळी काळी, चमकणारी, आकाशातून पडलेली. जमिनीतून निघणारं पाहिजे असं सर म्हणाले होते, ते मी विसरले. माझ्या इंग्लिश मीडियम शाळेच्या लायब्ररीत जादू इंग्रजीतच होत असे आणि दगड वरूनच येत.

सरांचा फोन आला. “नावं मस्त. पण सातही एकच काम करतात. जवळ आणलं की जादू बंद. हे मिनरल नाही, बटण आहे. सात बटणं.”

सर बरोबर बोलले की मला जास्त राग येतो. अडथळा म्हणजे बंद पडणं नव्हे. फोन लागलेला असतो, पण पलीकडचं बोलणं तुटक येतं, तसं काहीतरी. जादू चालू राहावी पण चुकावी, आणि प्रत्येक खनिजाने ती वेगळ्या तऱ्हेने चुकवावी. नाहीतर सात कशाला?

म्हणून मी तक्ता केला. रंग, कठीणपणा, वितळायचं तापमान, परिणामाचं अंतर. गुरुवारी सकाळी सरांचं एका शब्दाचं उत्तर आलं. ‘टेक्स्टबुक.’

दुपारी आईने खालून हाक मारली. “ए बाई, खाली ये. पेडगावला सोड मला. मावशीकडं नामदेवकाका यायलेत पाणी बघायला.”

“मला काम आहे.”

“दगडाचंच ना? तिथं बी दगडच हायेत. चल.”

नामदेवकाका पाणाडी आहेत. बोअर घेण्याआधी जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. ते तळहातावर नारळ आडवा ठेवतात आणि रानातून चालतात. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं ते सांगतात. आजूबाजूच्या गावांत त्यांना मान आहे.

मावशीच्या रानात पहिल्या जागी नारळ हलला नाही.

“चुनखडी हाय खाली,” काका म्हणाले. “नारळ आंधळा होतो.”

दुसऱ्या कोपऱ्यात नारळ हातावर गोल फिरला. काकांनी मान हलवली. “मांजऱ्या लागला.” मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ दगड. “पाणी हाय, पण ह्या रानातलं न्हाई. शेजाऱ्याचं दाखवायलाय.”

तिसऱ्या ठिकाणी काही झालं नाही. काका पुढे निघाले आणि वीस पावलांवर नारळ टाणकन उभा राहिला. मावशी खूण करायला धावली.

“तिथं न्हाई, मागं. गारगोटी हाय. ती उशिरा सांगती.”

“मागच्या बारीला बी तुमी गारगोटीच म्हणला होता,” मावशी चिडली.

“मग? गारगोटी काय उठून जाती का?”

मी बांधावर बसून हे बघत होते. हा माणूस आयुष्यभर जादूच्या धंद्यात आहे आणि एकदाही चुकलेला नाही. दर वेळी मध्ये दगड आला. तोही दर वेळी वेगळा, वेगळ्या स्वभावाचा. मी चार दिवस डोकं फोडत होते. काकांनी डेडलाइन नसताना अर्ध्या तासात तीन पूर्ण केले होते.

परक्या माणसाशी मी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी उठून गेले. “काका, अजून कोणकोणते दगड आडवे येतात?”

“लिहून घ्यायलीस?”

“हो.”

काकांनी नारळ मावशीच्या हातात दिला आणि ते ऐसपैस बसले. त्यांच्या यशाबद्दल लोकांनी खूप विचारलं असेल. अपयशाबद्दल वही घेऊन विचारणारी मीच पहिली असणार.

“लिव. गेरू. हा खोटारडा. पाणी नसलं तरी नारळ उभा करतो. लय जणांना फसवलं त्यानं.”

“गेरूने?”

“मग काय मी?”

पुढे खारी माती आली. तिच्यावर पाय पडला की हात बधिर होतो. काळा पाषाण खरं सांगतो, पण अर्धंच. पाणी दाखवतो, किती खोल ते लपवतो. पिवळी माती माणसाला विसराळू करते, आपण कुठल्या जागेवर उभे होतो तेच आठवत नाही. सात झाले.

“पण खाली काय आहे ते आधी कसं कळतं?”

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “आधी कसं कळंल, पोरी? फसल्यावरच कळतं की.”

आई लांबून ओरडली, “काका, तिला नादी लावू नका. आधीच तिचं ध्यान न्हाई ठिकाणावर.”

शुक्रवारी सर म्हणाले, कॅमेरा चालू कर आणि सगळ्यांना वाचून दाखव. मी वाचलं. नावं आणि स्वभाव काकांचेच ठेवले होते. वाचताना एकदाही वर पाहिलं नाही.

“हीरोला कळणार कसं, खाली काय आहे?” सरांनी विचारलं.

“जादू फसल्यावर. आधी कळत नाही.”

“आणि मांत्रिकच खोटं बोलत असला तर?”

“तेही कोणाला कळत नाही. म्हणून तर मांत्रिक टिकून आहेत, सर.”

एक लेखक म्हणाला, “म्हणजे एकसष्टाव्या भागात त्याने सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही, ते पिवळ्या मातीमुळे?” एकसष्टावा भाग त्यानेच लिहिला होता. बहीण आहे हे तोच विसरला होता.

“असू शकतं,” मी म्हणाले.

पुढचा अर्धा तास मीटिंगमध्ये आनंदीआनंद होता. प्रत्येकाने आपापल्या जुन्या चुका काढल्या आणि त्यांच्याखाली एकेक दगड ठेवला. सर म्हणाले, “ब्रिलियंट. तुझं कन्फर्मेशन दोन आठवडे होल्ड ठेवू. लोक परत येतात का बघू.” ब्रिलियंट आणि होल्ड हे शब्द आमच्याकडे एका वाक्यात राहू शकतात.

दोन आठवड्यांत लेखकांनी माझ्या खनिजांची वाट लावली. ज्याला प्रसंग सुचत नव्हता, त्याने दगड टाकला. एकशे सव्विसाव्या भागापर्यंत नायकाची एकही जादू चालेना. एक दार उघडायला त्याला चार भाग लागले. पाचव्यात कळलं की दाराला कडी बाहेरून होती.

“आता मिनरलला अडवणारं मिनरल पाहिजे,” सर म्हणाले. “उद्या सकाळी. नाहीतर मग...” आईने त्याच दिवशी जेवताना सांगितलं होतं की फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली आहे.

मी नामदेवकाकांना फोन लावला. मेसेज नाही, फोन. आधी तीनदा मनात वाक्य जुळवलं.

“काका, मांजऱ्या लागला तर त्याच्यावर उपाय काय? दुसरा एखादा दगड?”

“दगडावर दगड? भिंत बांधायचीय का?” ते हसले. “जागा बदलायची. दहा पावलं बाजूला व्हायचं. दगड काय मागं येतो का आपल्या?”

मी नवं खनिज केलं नाही. एक नियम लिहिला. प्रत्येक खनिजाचा पट्टा असतो आणि पट्ट्याला कड असते. कड कुठे आहे ते त्या गावच्या माणसालाच माहीत असतं. नायकाला जादू करायची असेल तर त्याने आधी चालावं आणि विचारावं.

पुढच्या भागात समुद्र उचलणारा तो महापुरुष एका म्हातारीपुढे उभा राहून “आजी, मांजऱ्या कुठवर आहे?” असं विचारत होता. आजीने त्याला आधी सरपण उचलायला लावलं. लोकांना ते आवडलं. नायकापेक्षा आजी जास्त आवडली. ऐकणारे हळूहळू परत आले आणि महिनाअखेर मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. त्यात ‘सखोल संशोधनाबद्दल’ माझं कौतुक होतं. संशोधन एका दुपारचं होतं आणि आईने ढकलल्यामुळे झालं होतं, हे मी कळवलं नाही.

या धंद्यात शिकले ते एवढंच. आपला नियम आपल्याच आडवा आला की दुसरा नियम करायची घाई करू नये, जरा बाजूला सरकून बघावं. आमच्या पूर्ण टीमला हे सुचलं नाही, कारण आम्ही सगळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करतो आणि आपण सरकतोच आहोत असं आम्हाला वाटत असतं.