तांडेलणीचे तीन वाटे

शेवटच्या दुपारी आम्ही दोघं चिंचोके मोजत बसलो होतो. तिला अंक वाचता येत नव्हते, लिहिणं तर लांबच. पण हिशेबात तिला कोणी गंडवलंय, असं सांगणारा माणूस रत्नागिरीच्या बंदरावर मिळणार नाही. मासळी विकणाऱ्या बायका वाटे लावतात, छोटे छोटे ढीग, एका ढिगाचा एक भाव. तसे तिने जमिनीवर चिंचोक्यांचे तीन वाटे लावायला घेतले होते. एक चिंचोका म्हणजे पाचशे रुपये. हिशेब कसला, तर घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर कुठला दिवा लावायचा त्याचा. वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे.

ती माझी बायको. मी उभा जन्म बोटीवर तांडेल, म्हणजे बोट ज्याच्या हुकमानं चालते तो माणूस. म्हणून तिला सगळे तांडेलीण म्हणायचे. बोटीवर हुकूम माझा. धक्क्याला पाय लागला की तिचा.

तिचा एक शब्द ठरलेला होता: बर्फ. कोणी कसलाही भाव सांगितला की ती विचारायची, "आनि बर्फ धरलास काय?" मासळीची टोपली स्वस्त मिळाली म्हणून नाचणारी बाई संध्याकाळी रडते, कारण तिने बर्फ, टेम्पो नि उरलेला माल धरलेला नसतो, असं तिचं म्हणणं. शेजारच्या पोराने जुनी मोटारसायकल आणली. सगळे म्हणाले, फुकटात मिळाली. ही ओटीवरून ओरडली, "बर्फ किती खाते रे ती?" पोरगा बावचळला. त्याला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. दोन महिन्यांत पेट्रोल घालून घालून त्याने गाडी विकली आणि येऊन हिच्यासमोर उभा राहिला. ही म्हणाली, "बस. चाय पी. मी काय बोलत नाय."

मग तिचे गुडघे गेले. बंदरावर उतरणं बंद झालं. दर्या घरापासून हाकेवर, पण तिला दिसेना. बाई नुसती भिंतीकडे बघत बसायला लागली. आम्हाला मूलबाळ नाही, रागवायला दुसरं कोणी नाही, म्हणून माझ्यावर रागवायची. त्याच सुमारास गणपतीपुळ्याकडे एका हॉटेलवाल्याने दारातली मोठी काचेची टाकी काढून टाकली. मी ती टेम्पोत घालून आणली. ओहोटीला खडकात जाऊन एक दगड आणला, त्यावर हिरवी समुद्रफुलं. फुलं म्हणतात, पण ती झाडं नव्हेत, जीव आहेत. हात लावला की मिटतात. पाणी डब्यांतून आणायचो. दगड टाकीत ठेवला, तासाभराने फुलं उघडली, आणि तांडेलीण कितीतरी दिवसांनी बोलली. मला नाही, त्यांना. "आलाव? बसा."

ती फुलं उजेडावर जगतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? टाकीबरोबर आलेल्या ट्यूबा जुन्या. फुलं फिकी पडायला लागली. मी शहाणा. माझ्याकडे जुन्या बोटीवरचा मोठा हॅलोजन पडून होता, तो टांगला टाकीवर. घरात दिवस उगवल्यासारखं झालं. मी खुशीत बाजाराला गेलो. परत आलो तर पाणी कोमट, फुलं अंग आत ओढून घेऊन सुपारीएवढी झालेली, आणि ही काठी टाकून, दुखत्या गुडघ्यांवर उभी राहून, पिशवीत बर्फ बांधून पाण्यात सोडत होती. मासळी वाचवायची एवढी एकच रीत तिला ठाऊक, तीच तिने केली. हळूहळू, एकेक पिशवी. फुलं वाचली. मला म्हणाली, "दर्यात बोट हाकलीत नि घरात चाय उकळलात." नंतर प्रत्येक पाहुण्याला हे सांगितलं. माझ्यादेखत.

म्हणून दुकानात गेलो. दुकानदार कोल्हापूरकडचा, रंगीत माशांचं दुकान टाकून बसलेला. ही रिक्षातून उतरत उतरतच म्हणाली, "घाटावरच्या मानसाला दर्या काय कलनार?" तो हसून म्हणाला, "म्हणून तर काचेत भरून विकतोय, मावशी." तिथेच त्यांचं जमलं. त्याने सरळ सांगितलं, प्रवाळ मागू नका, कायद्याने बंदी आहे; फुलांपुरतं बोलू. आणि तीन दिवे दाखवले. ट्यूबची पट्टी आठ हजार. मोठा कडक बल्ब, मेटल हॅलाइड म्हणतात तो, बारा हजार. आणि एलईडी अठरा हजार.

एलईडीचं नाव निघाल्याबरोबर ती उठली. "चला." दुकानदाराला काही कळेना. मला कळलं.

ते सांगायला हवं, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. आमच्याकडे काही बोटी दर्यात एलईडीचे झगझगीत दिवे सोडतात. मासळी उजेडाकडे धावते, लहानमोठी सगळी, आणि एका जाळ्यात उचलली जाते. मागे लहान बोटवाल्याला काही उरत नाही. त्या दिव्यांविरुद्ध बंदरावरच्या बायका उन्हात बसल्या तेव्हा तांडेलीण पुढे होती. आणि मी एक हंगाम तसल्याच बोटीवर तांडेल म्हणून गेलो. पगार चांगला होता, दुसरं कारण नाही. तिने भांडण केलं नाही. मी आणलेली मासळी तिने त्या हंगामात हातात धरली नाही. विकली नाही, शिजवली नाही. मी चुलीशी बसून स्वतः तळून खायचो नि ती समोर बसून डाळभात जेवायची. हंगाम संपला, मी ती बोट सोडली. तिने कधी विषय काढला नाही. मीही नाही. पण तो विषय घरात होता, खांबासारखा. आम्ही त्याला वळसा घालून जायचो.

त्या दिवशी रिकाम्या हाताने परतलो, आणि आता ट्यूबा मरायला टेकल्या. एक गेलीच, दुसरी फडफडायची. पट्टी खाऱ्या हवेने गंजून गेलेली. फुलं पुन्हा फिकी. मी म्हटलं, "काय तो निर्णय घे बाये, नायतर दगड परत खडकात टाकून येतो." ती म्हणाली, "चिंचोके आना."

आम्ही दुकानातून निघता निघता दुकानदाराने माझ्या हातात एक कागद कोंबला होता, त्यावर लिहिलं होतं: कुठला दिवा किती वीज खातो, काय कधी बदलायचं. मी चौथी शिकलेला, मी वाचायचं, तिने चिंचोके टाकायचे. आधी नुसती किंमत. ट्यूबचे सोळा, बल्बचे चोवीस, एलईडीचे छत्तीस. "बघ," ती म्हणाली, "तो मेला सगल्यात मोठा." तिला बरं वाटलेलं दिसलं.

"आता बर्फ," मी म्हटलं.

तीन वर्षांची वीज धरली. ट्यूब दिसायला उजळ असली तरी वर्षभरात तिचा जोर जातो, दर वर्षी बदलावी लागते, ते टाकलं. बल्बही तसाच. शिवाय तो पाणी तापवतो म्हणून पंखा, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी. पहिले दोन वाटे वाढत वाढत तिच्या साडीपर्यंत आले. तिने पाय आवरले. तिसऱ्यात थोडेच पडले. मोजलं. ट्यूब सहासष्ट, बल्ब शहाऐंशी, एलईडी बावन्न.

"चुकला असंल," मी म्हटलं. खरं तर मी तिला वाट करून देत होतो. "परत मोज."

तिने परत मोजलं. बावन्नच. तिने तळवा त्या ढिगावर ठेवला. मला वाटलं, आता हाताने उधळून देईल. म्हटलं, "ऱ्हाव दे गो. ट्यूबच आनतो. थोडे जास्त गेले तर गेले."

"मोजनी खोटी करायची नाय," ती म्हणाली. "हाच आना."

"आनि तुझा राग?"

"राग तुमच्यावर व्हता. दिव्यावर कशाला काढू?" मग चिंचोके डब्यात भरता भरता म्हणाली, "एक हंगाम डालभात खाल्लाय मी तुमच्यापायी. तुमी समोर बसून सुरमई तलत व्हताव. वास काय सुटायचा! एकदा तरी म्हनायचंत, चूक झाली."

मी म्हटलं, "चूक झाली."

"आता म्हनताव," ती म्हणाली आणि हसली. "उद्या सकालीच जावा. ती ट्यूब उद्याचा दिवस काढायची नाय."

संध्याकाळी चहा घेतल्यावर म्हणाली, छातीत जड वाटतं. रिक्षा आणली. तिने एका हाताने माझा खांदा धरला होता, दुसऱ्याने रिक्षाची कड. वळणावर खांद्यावरचा हात सुटला. डॉक्टरने काय सांगितलं ते मी ऐकलं, पण मला ते रिक्षातच समजलं होतं. वाट बघायची असं कोणी नव्हतं, त्याच रात्री सगळं उरकलं.

सकाळी उठलो तर ट्यूब बंद. टाकी काळी. माझी बहीण आक्का सुतकासाठी आली होती, वाडीतल्या बायका ओटीवर होत्या. मी सदरा चढवला. आक्का आडवी आली. "अरे, सुतकात कुठं चाललास?"

"दुकानात. दिवा आनायचा हाय."

"येडा झालास काय? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे."

गेलो. दुकानदाराने आधी माझ्या मागे बघितलं, रिक्षात कोणी आहे का. बोललो असतो तर तिथेच बसलो असतो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. खोक्यातून दिवा काढून बटण दाखवलं. म्हणाला, "काका, फुलं अंधारात राहिलीत, एकदम पूर्ण लावू नका, भाजतील. आधी अगदी मंद. मग दर दिवशी थोडं थोडं."

घरी येऊन स्टुलावर चढलो. दोरी बांधली, दिवा टांगला, बटण होतं तेवढं खाली केलं आणि लावला. निळसर, सायीसारखा उजेड पडला. फुलं मिटलेलीच होती.

आक्का दारातून बघत होती. म्हणाली, "एवढे पैसे घातलेस नि उजेड एवढासाच?"

"आज एवढाच सोसंल," मी म्हटलं, आणि टाकीसमोर जमिनीवर बसलो.